हातापायांना मुंग्या येतात तेव्हा

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षावासात या विहारात पंचशील, अष्टांगिक मार्ग, धम्मपद अशा विषयांवर बोलले जाते. कार्यकारिणीने आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही ‘मुंग्या आणि बधिरपणा’ असे सांगितले आणि दोघे-तिघे हसले. हसण्यासारखेच आहे. आम्ही काही वैद्य नव्हे. कलाशाखेची पदवी घेऊन बँकेच्या काउंटरवर बसणारा माणूस शरीरशास्त्रावर काय बोलणार, असे कोणालाही वाटेल. परंतु काउंटरच्या आतून माणसाच्या चेहऱ्यापेक्षा त्याचा हातच जास्त दिसतो. वीस-वीस वर्षे तंतोतंत जुळणारी सही एकाएकी जुळेनाशी होते. निवृत्तिवेतन घ्यायला आलेले गृहस्थ सांगतात, ‘साहेब, पेन धरलंय की नाही तेच कळत नाही.’ नोटा मोजताना एखाद्या बाईच्या बोटांतून नोटा गळतात आणि तिला पत्ता लागत नाही. आम्ही दुसरी सही मागतो, साक्षीदार मागतो, आमचे काम होते. पण त्या बोटांचे काय झाले हा प्रश्न मागे राहतो. त्या प्रश्नाच्या मागे लागून डॉक्टर मित्रांना विचारले, थोडेफार वाचले, आणि जे खात्रीचे वाटले तेच आज सांगणार आहोत.

आत्ता या सभागृहात मांडी घालून बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या पायांना पाऊण तासात मुंग्या येतील, म्हणून तेथूनच सुरुवात करू. मांडी घातली की गुडघ्याच्या मागे आणि बाजूला नसांवर दाब येतो, त्यांना मिळणारे रक्तही कमी होते. निरोप पोचेनासा होतो, पाय आपला नाहीसा वाटतो. उठलो की दाब जातो, नस जागी होते आणि जागी होताना वेडेवाकडे निरोप पाठवू लागते. त्यालाच आपण मुंग्या, झिणझिण्या म्हणतो. दोन-चार मिनिटांत सर्व पूर्ववत होते. यात आजार नाही. मात्र बधीर पायावर एकदम उभे राहू नये, पाय मुरगळतो.

येथे शब्दांचा एक घोटाळा सांगून टाकतो. बोलण्यात आपण ‘शीर’ आणि ‘नस’ हे शब्द रक्तवाहिनीलाही वापरतो आणि मज्जातंतूलाही वापरतो. त्यामुळे मुंग्या आल्या की ‘रक्त पोचत नाही’ असे समजून लोक तेल चोळतात. बहुतेक वेळा तक्रार मज्जातंतूची असते. मज्जातंतू म्हणजे निरोपाची तार. कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत जाणारी तार सुमारे मीटरभर लांब असते. इतकी लांब तार जपायला शरीराला कष्ट पडतात, म्हणून रक्तातली साखर, दारू किंवा जीवनसत्त्वांची उणीव यांनी सगळ्या तारा खराब होऊ लागल्या की पहिला फटका पायाच्या बोटांना बसतो. मग तळपाय, मग घोटा. पायात मोजा घातल्यासारखे वाटते. बधिरपणा गुडघ्याकडे सरकला की हाताची बोटे सुरू होतात. कोठे आणि कसे बधीर झाले हे नीट सांगितले तर डॉक्टरांचे निम्मे काम होते, ते यामुळेच.

ध्यान-शिबिरांना जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट बोलणे आवश्यक वाटते. सतिपट्ठानात वेदनानुपश्यना सांगितली आहे. तेथे ‘वेदना’ म्हणजे केवळ दुखणे नव्हे. सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेले असे सर्व अनुभव त्यात आले. ते तटस्थपणे पाहावेत हे खरेच. पण काही साधक घरी आल्यावरही पाय बधीर राहतो आणि त्याला साधनेची प्रगती समजतात. आमचे मत स्पष्ट आहे. आसन सोडल्यावर दहा-पंधरा मिनिटांत जे जात नाही, किंवा चालताना पाऊल लटके पडते, ते दवाखान्यात दाखवावे. जे जसे आहे तसे पाहायचे असेल तर आजाराकडेही आजार म्हणून पाहिले पाहिजे.

आता मधुमेहाकडे येऊ, कारण आपल्या वस्तीत हातापायांच्या बधिरपणाचे सर्वांत मोठे कारण तेच असावे असे आम्हाला दिसते. खुद्द बाबासाहेबांना मधुमेह होता आणि पायांतील मज्जातंतूंच्या दुखण्याने ते अनेक वर्षे हैराण होते. १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पुढे इंजेक्शने, पथ्यपाणी हे सर्व माईसाहेबांनी सांभाळले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा देताना बाबासाहेब काठीच्या आणि माणसांच्या आधाराने उभे होते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी त्याच वर्षी मार्चमध्ये लिहिलेल्या आणि पहिल्या आवृत्तीत न छापलेल्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या दीर्घ आजाराचा आणि उपचार करणाऱ्या पत्नीचा व डॉ. मालवणकरांचा उल्लेख केला आहे. आपण दरवर्षी ते छायाचित्र पाहतो, हार घालतो. ती काठी कशासाठी होती हे मुलांना सांगत नाही.

मधुमेहाच्या बधिरपणात गंमत अशी की (गंमत कसली, संकटच) सुरुवातीला पाय दुखतात, तळपायांची आग होते, रात्री पांघरूण लागले तरी सहन होत नाही. तेव्हा माणूस डॉक्टरकडे जातो. पुढे आग कमी होते. माणसाला वाटते बरे वाटले. खरे तर तार मेलेली असते. महापालिकेतून सफाई कामगार म्हणून निवृत्त झालेले आपल्या वस्तीतले एक काका आहेत. आयुष्यभर अर्धे काम अनवाणी केले, पायाला घट्टे, त्यामुळे पाय ‘पक्के’ असल्याचा त्यांना अभिमान. चपलेच्या तळव्यातून खिळा वर आलेला, आणि ते दिवसभर त्यावर चालले. संध्याकाळी सुनेने फरशीवर रक्ताचे ठसे पाहिले तेव्हा कळले. जखम चिघळली, पाय वाचला, दोन बोटे गेली. त्यांची साखर त्याआधी कधीच तपासली गेली नव्हती.

साखर तपासणे सोपे आहे, सरकारी आरोग्य केंद्रात होते. मधुमेह असेल त्यांनी रोज रात्री तळपाय पाहावेत. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा किंवा नातवाला पाहायला सांगावे. चपला घालण्यापूर्वी आतून हात फिरवावा. गरम पाण्यात पाय टाकण्यापूर्वी कोपराने पाणी पाहावे, पायाला चटका कळत नाही. शेगडीवर पाय शेकणे, कुरूप ब्लेडने कापणे, अनवाणी प्रदक्षिणा घालणे या तीन गोष्टी तर बंदच कराव्यात. दीक्षाभूमीवर जाणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे.

दारूबद्दल फार बोलत नाही, पाचवे शील सर्वांना पाठ आहे. इतकेच सांगतो की रोज पिणाऱ्याचे पाय बधीर होतात ते दारू तारांना थेट अपाय करते म्हणून, आणि जेवण सुटून ब१ जीवनसत्त्व तुटते म्हणूनही. यकृत बिघडते हे सर्वांना ठाऊक असते, पायांचे कोणाला ठाऊक नसते.

जीवनसत्त्वांत दुसरे नाव ब१२ चे. ते मांस, मासे, अंडी, दूध यांतूनच मिळते. शिबिराहून आल्यावर काही कुटुंबे पूर्ण शाकाहारी झाली, चांगली गोष्ट आहे, पण त्यांनी दूध-दही तरी सोडू नये. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी अनेक वर्षे घेणाऱ्यांतही ब१२ कमी पडू शकते. मग मुंग्या साखरेमुळे की गोळीमुळे, हे रक्त तपासल्यावाचून कळत नाही. म्हणून कोणी गोळी आपल्या मनाने बंद करू नये, फक्त डॉक्टरांना विचारावे. क्षयरोगाच्या औषधातील आयसोनियाझिडमुळेही मुंग्या येतात आणि त्यासाठी सोबत ब६ ची गोळी देतात. ती ‘शक्तीची गोळी’ समजून टाकून देणारे आम्ही पाहिले आहेत.

हातांच्या मुंग्यांत एक प्रकार आमच्या धंद्याचा आहे. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू रात्री बधीर होते, झोप मोडते, हात झटकला की बरे वाटते. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जाणारी नस तेथे चेपलेली असते. संगणकावर, नोटांवर, शिवणयंत्रावर काम करणारे, पोळ्या लाटणाऱ्या आणि कपडे पिळणाऱ्या भगिनी, गरोदर स्त्रिया यांना हे होते. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधली तर पुष्कळांना आराम पडतो. करंगळी आणि तिच्याकडची अर्धी अनामिका बधीर होत असेल तर दोष बहुधा कोपरातला. टेबलावर कोपर टेकून तासन्‌तास मोबाइल पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी याची नोंद घ्यावी. मानेतून हातात किंवा कमरेतून एकाच पायात सणक उतरत असेल तर मणक्याकडे पाहावे लागते. परीक्षेच्या दालनात छातीत धडधड, जोरजोराने श्वास आणि ओठांभोवती मुंग्या आल्या, तर तो बहुतेक भीतीचा श्वास असतो. हळू, लांब उच्छ्वास टाकला की उतरतो. येथे आनापान उपयोगी पडते, हे भन्तेजी अधिक चांगले सांगतील.

काही वेळा मात्र थांबायचेच नसते. एकाएकी एका बाजूचा हात-पाय बधीर किंवा लुळा पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले तर तो पक्षाघात. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही मेंदूचे चित्र काढल्यावर. तेल-मालिश, देवऋषी, ‘सकाळी बघू’ यात ते तास जातात. १०८ ला फोन करावा आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवावे. पायांपासून मुंग्या आणि अशक्तपणा दोन-चार दिवसांत वर चढत असेल तर तीही घाई. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलेन बारे या आजाराची साथ आली तेव्हा दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले. त्यात श्वासाचे स्नायू थकतात, म्हणून रुग्णालय हवे. कमरेच्या दुखण्याबरोबर लघवी अडली किंवा बसण्याची जागा बधीर झाली तर त्याच दिवशी गाठावे. हे सांगायला लाज वाटते म्हणून लोक उशीर करतात.

आणि आता ज्यासाठी हा विषय घेतला तिकडे येतो.

आमच्या परिचयातील एका घरात मुलीच्या दंडावर फिकट चट्टा उठला. खाज नाही, दुखणे नाही. आईने गजकर्णाचे मलम लावले. मग दुसरे मलम. मुलगी शिकलेली, तिने आंघोळीच्या वेळी पाहिले की त्या जागी नख रुतवले तरी कळत नाही. तिने आईला सांगितले. आई म्हणाली, ‘गप्प राहा, स्थळ आलंय.’ दोन वर्षे अशी गेली. करंगळी वाकू लागली तेव्हा धाकट्या भावाने हट्टाने आरोग्य केंद्रात नेले. निदान कुष्ठरोगाचे झाले. बोटाचा अशक्तपणा काही आठवड्यांचाच होता म्हणून औषधाने आणि व्यायामाने ते बरेचसे सरळ झाले. चट्टा जाईल न जाईल, रोग बरा झाला. ती आज नोकरी करते. त्या आईला आम्ही दोष देत नाही. तिने जे ऐकले होते ते आपल्या सर्वांच्या तोंडून ऐकले होते.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी १८७३ साली दाखवला. तो मज्जातंतूंत राहतो, म्हणून चट्टा बधीर असतो. जंतू फार सावकाश वाढतो, लागण झाल्यापासून चट्टा उठेपर्यंत वर्षे जातात. बहुसंख्य माणसांच्या अंगात त्याला रोखण्याची शक्ती जन्मतःच असते, हस्तांदोलनाने, एका पंक्तीत जेवल्याने तो लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये एकापेक्षा अधिक औषधांचा उपचार सुचवला. सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्या, त्याही सरकारी केंद्रात मोफत. औषध सुरू झाल्यावर थोड्याच काळात रोग्याकडून दुसऱ्याला लागण होत नाही. २००५ च्या अखेरीस देशात दहा हजारांत एकापेक्षा कमी रोगी उरले असे जाहीर झाले आणि लोकांनी समजून घेतले की कुष्ठरोग संपला. संपलेला नाही. विदर्भात चंद्रपूर-गडचिरोलीकडे आजही नवे रोगी सापडतात. मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला, शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये अमरावतीला तपोवनात, बाबा आमटे यांनी १९४९ पासून वरोऱ्याला आनंदवनात ज्यांना आसरा दिला त्यांतल्या अनेकांना रोगापेक्षा घरच्यांनी बाहेर काढले होते.

‘पूर्वजन्मीचे पाप’ हे वाक्य आमच्या घरांतूनही ऐकू येते, भिंतीवर बुद्धांची तसबीर असलेल्या घरांतून. उदान या पाली ग्रंथात सुप्पबुद्धाची कथा आहे. राजगृहातला हा दीन कुष्ठरोगी. लोकांची गर्दी पाहून अन्नदान चालले असेल म्हणून आशेने गेला, तर तेथे तथागत उपदेश करीत होते. तो एका बाजूला बसला. सभेत त्या दिवशी समजून घेण्याची पात्रता कोणाची, हे पाहताना बुद्धांची नजर त्याच्यावर पडली आणि उपदेश त्याला उद्देशून झाला. कथेच्या शेवटी त्याच्या मागील जन्माचा अपराध सांगितलेला आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. महावग्गात तर कुष्ठ, गंड, किलास, शोष, अपस्मार असे पाच रोग असणाऱ्यांना प्रव्रज्या देऊ नये असा नियम सापडतो. त्याचे कारणही तेथेच आहे: जीवकाकडून फुकट उपचार मिळावेत म्हणून रोगी संघात येऊ लागले आणि जीवकाला राजाची कामे होईनात. शिवाय त्या काळचा ‘कुष्ठ’ हा शब्द कातडीच्या अनेक रोगांना वापरीत. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात पतितांच्या आणि दलितांच्या धम्मदीक्षांमध्ये उपाली न्हावी, सुनीत भंगी यांच्याबरोबर या सुप्रबुद्धाला स्थान दिले. आमच्या मते त्या कथेतून घ्यायचे ते सभेतले आसन. मागच्या जन्माचा हिशेब कोणाला हवा असेल त्याने खुशाल करावा, पण त्याने गोळ्या घेण्यात अडथळा आणू नये.

कायदाही बदलला आहे. १८९८ चा कुष्ठरोग्यांना कोंडण्याचा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. हिंदू विवाह कायदा बौद्धांना लागू आहे आणि त्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. २०१९ च्या दुरुस्तीने ते काढले गेले. आता कोणी ‘रोग आहे म्हणून सोडतो’ म्हणाला तर त्याला कायदा आधार देत नाही. बँकेत ज्यांची बोटे झिजली, ज्यांचा ठसा यंत्र घेत नाही, त्यांना परत पाठवायचे नसते. हाताचा किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा, तोही शक्य नसेल तर केवळ एखादी खूण, दोन साक्षीदारांसमोर चालते. त्यांतला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असतो. ही सोय पुष्कळ खातेदारांना माहीत नसते, आणि खरे सांगायचे तर काउंटरवरच्या सगळ्यांनाही माहीत नसते. कोणाची अडवणूक झाली तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनांचे नाव घ्यावे.

सभा संपल्यावर विहाराच्या मागच्या खोलीत महिलांसाठी आणि अंगणात पुरुषांसाठी बसण्याची सोय केली आहे. आरोग्य केंद्राच्या परिचारिका ताई कापूस घेऊन थांबणार आहेत. डोळे मिटायचे, कापूस जेथे टेकला तेथे बोट ठेवायचे, एवढेच. मधुमेहींनी तळपाय दाखवावेत. ज्यांना येथे दाखवायचे नाही त्यांनी कागदावर चार ओळी लिहून थेट केंद्रात जावे: मुंग्या कोठे येतात, कधीपासून, एका बाजूला की दोन्ही, रात्री की दिवसा, आणि कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत. गोळ्यांची पाकिटे पिशवीत टाकून न्यावीत, नावे पाठ करण्याची गरज नाही. सकाळी नऊला केंद्र उघडते, सोमवारी गर्दी असते, मंगळवारी जावे.

नमो बुद्धाय. जय भीम.